प्रेमलासाठी काय मागू?

नगर, माघ वद्य पंचमी, शके १८९४

ती. अक्कास धाकट्या शामकांताचा निळसर साष्टांग नमस्कार.

निळसर अशासाठी, की शेजारच्या रूथबाई साळव्यांनी माझ्या धोतरांना भरमसाट नीळ घातली आहे. मी साक्षात मेघश्याम दिसतो! पण तक्रार कुठल्या तोंडाने करू? या दुष्काळात नळाला दिवसाआड पाणी येतं, त्यातून त्या माझे कपडे धुतात.

प्रेमलाचं कंबरेचं हाड मोडल्यापासून रूथबाईंच्या चर्चच्या मंडळींनीच आम्हाला सांभाळलं आहे. दवाखान्यात तुझ्या या भावजयीच्या उशाशी त्यांच्या बायका पाळीपाळीने बसतात. मला डबा येतो, तोही बिनकांद्याचा. तुझा पुढचा प्रश्न मीच मिटवला.

मला नवल वाटतं ते त्यांच्या प्रार्थनेचं. देवाशी घरच्यासारखं मराठीत बोलतात आणि माणसाचं नाव घेऊन नेमकं मागतात. काल रूथबाई म्हणाल्या, “गुरुजी, बाईंसाठी देवाजवळ काय मागू?”

मी संकल्पातलं आयुरारोग्यैश्वर्य खणखणीत म्हणून दाखवलं.

“ते समद्यांसाठीच झालं की. तुमाला काय पायजे?”

सगळं एका समासात मागायची मला सवय.

तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींची तपकीर सुटली का?

अक्का, रूथबाईंना सांगता आलं नाही, ते तुला सांगतो. डॉक्टर म्हणतात, हाड जुळेल, पण प्रेमला पुन्हा चालेलच असं नाही. तिला हे अजून ठाऊक नाही. तिने विचारलं तर काय सांगू, याची मला फार भीती वाटते.

तुझा,
शामू