भिंतीवरची अक्का

धुळे,
मंगळवार

प्रिय अक्का,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. "काही नई रे हितू, बठ्ठं बरं शे," म्हणतेस आणि पोरांच्या परीक्षेची चौकशी सुरू करतेस. म्हणून हे पत्र. तुमच्या गावच्या आशा कार्यकर्त्या सुंदरबाई यांच्याच हाती देतोय, म्हणजे मधे कोणी फोडणार नाही. एकटी असताना वाच. दाजींना मागाहून दाखव.

रविवारी तुझ्याकडे जेवलो. कळण्याची भाकरी, भरीत, ठेचा, सगळं माझ्या ताटात. तू मात्र दुधात भाकरी कुस्करून एकाच गालाने हळूहळू गिळत होतीस. मिरचीशिवाय घास न उतरणारी तू! तर म्हणे उपास आहे. उपासाला भाकरी कोण खातं गं? तेव्हाच विचारायला हवं होतं. पण तुझ्या ओट्यावरून समोर शाळेची भिंत दिसते आणि त्या भिंतीवर तू रंगवलेली आहेस. डोक्यावर पदर, पांढरेशुभ्र दात आणि खाली माझी ओळ: 'मी मशेरी सोडली. तुम्ही?' मी खाली मान घालून जेवलो आणि गाडीला किक मारून निघालो.

तुला आठवतं ना, आईसाठी तव्यावर तंबाखू भाजायचं काम तुझ्याकडे होतं. चिमूटभर भाजली तरी आख्खं घर ठसकायचं. मी डोळे चोळत अंगणात पळायचो आणि तू ओढणी तोंडाला बांधून भाजत बसायचीस. बोटावर घेऊन बघता बघता तेराव्या वर्षी तुलाही लागली. पुढे आई गेली. मला तूच वाढवलंस, तूच कॉलेजात घातलंस, आणि शिकून मला नोकरी कसली लागली, तर लोकांच्या सवयी मोडायच्या मोहिमा आखायची. मशेरीचं काम आलं तेव्हा मीच छाती पुढे काढून म्हणालो, सुरुवात माझ्या बहिणीच्या गावापासून करू.

होळीची युक्ती माझीच. गावातल्या बायकांनी आपापली मशेरीची डबी आणायची, होळीत टाकायची, आम्ही नावं लिहून घ्यायची. लोकांना पटवायला त्यांच्यातलाच चेहरा लागतो, असं आम्हाला शिकवलेलं. मला चेहरा शोधायला कुठे लांब जायचं होतं! तू बिचारी सरळ म्हणालीस, सुटत नाही रे, सकाळी लावल्याबिगर कामाला हात लागत नाही. त्यावर मी काय म्हणालो? लिहायलाही लाज वाटते. "फोटोपुरती सोड गं. नंतर कोण बघतंय!" तू हसलीस. मोबाइलसमोर 'सोडली' म्हणायच्या आधी तू एकदा माझ्याकडे पाहिलंस. मी मान हलवली. ते दोन सेकंद मी नंतर कापून टाकले.

होळीला तीनशे बारा डब्या आल्या. पोतं भरलेलं, पण मी ते एका हाताने उचललं. आणि जळताना एकही माणूस खोकला नाही, अक्का. चिमटीभर तंबाखूने घर सोडून पळणारा मी, तीनशे डब्या पेटलेल्या असताना शेजारी उभा राहून फोटो काढत होतो आणि मला साधा ठसका लागला नाही. बायकांनी डब्या रिकाम्या करून आणल्या होत्या. मला ते तिथेच कळलं. तरी यादीत तीनशे बारा नावं लिहिली.

तीन महिन्यांनी पडताळणी केली. कुठे, तर शाळेच्या ओट्यावर, तुझ्याच चित्राखाली, सरपंच आणि सासरे मंडळी खुर्च्या टाकून बसलेली असताना. कोणती सून तिथे 'नाही सुटली' म्हणेल? अशा गोष्टी प्रत्येकीला तिच्या घरी, एकटीला गाठून विचारायच्या असतात. दुकानातला खप बघायचा असतो. हे मला येतं गं, दुसऱ्यांच्या कामातल्या याच चुका मी लाल शाईने दाखवतो! तुमच्या गावचा दुकानदार प्रेमराज मला चहा पाजताना म्हणालासुद्धा होता, "खप तेवढाच आहे भाऊ, फक्त आता बायका पदराखाली लपवून नेतात." मी ते हसण्यावारी नेलं. अहवालात शंभरातल्या ऐंशी बायकांनी मशेरी सोडली. नाशिकच्या बैठकीत टाळ्या पडल्या आणि मी निर्लज्जासारखा उठून हात जोडले.

काल सुंदरबाई ऑफिसात आल्या. पाणीही घेतलं नाही. तुझ्या डाव्या गालात आतून जखम आहे, चार महिने झाले तरी भरत नाही, असं त्यांनी सांगितलं. शाळेत दातांचं शिबिर भरलं तेव्हा तू दारापर्यंत आलीस आणि परत फिरलीस, कारण आत तुझाच फोटो टांगलेला होता. "खरं सांगितलं तर माझ्या भावाची नोकरी जाईल," असं तू त्यांना म्हणालीस. ज्या दुखण्यातून बायकांना वाचवायला मी निघालो होतो, तेच दुखणं लपवायला मी तुला शिकवलं. मला माफ कर असं लिहायचाही धीर होत नाही. आज साहेबांना सगळं लेखी दिलं आहे, नोकरीचं व्हायचं ते होईल. गुरुवारी सकाळी येतो. आधी त्या भिंतीला चुना मारतो आणि मग तुला धुळ्याला घेऊन जातो, डॉक्टरांची वेळ घेतली आहे. ते छोटा तुकडा काढून तपासायला पाठवतील. काय निघेल ते मला माहीत नाही, खोटा धीर मी आता देणार नाही. मी तुझ्या शेजारीच बसलेला असेन. डॉक्टर विचारतील, मशेरी लावता का, किती वर्षं झाली. तू सरळ हो म्हण. तेराव्या वर्षापासून म्हण. आणि अक्का, सांगायच्या आधी माझ्याकडे पाहू नकोस.

तुझाच,
हितू