वखारीच्या पाटीची व्यवस्था

मी, हमीदा गफूर बागवान, वय ६७, राहणार यावल, जिल्हा जळगाव, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने लिहून ठेवते. तब्येत बरी आहे. माझे पती गफूर मागच्या वर्षी वारले. मूलबाळ नाही.

१. राहते घर व बँकेतली शिल्लक कायद्याप्रमाणे वारसांना जावी. बैठकीचे पडदे बहीण नौशीनने निवडले होते, ते तिनेच न्यावेत.

२. केळीचे घड कापायचा विळा वखारीतला गडी पुना याला द्यावा. धार तोच लावत असे.

३. केळी पिकवायची वखार निकाहातल्या मेहरपोटी माझ्या नावावर आहे. ती दीर शेहजाद यांची मुलगी महेक हिला देते. आमच्या कायद्याने मृत्युपत्रात मिळकतीचा एक तृतीयांशच देता येतो; वखार त्यात बसते, हे वकिलांनी पाहिले आहे.

४. वखारीच्या पाटीवर गफूर यांनी रंगवून घेतले होते: 'बनाना. अरबीत बनान म्हणजे बोटे.' शेहजाद दोंडाईच्याला इंग्रजी शिकवत. त्यांचे म्हणणे, शब्द पश्चिम आफ्रिकेतला, पोर्तुगीज खलाशांबरोबर पुढे गेला. दर ईदला जेवताना हे निघे. गफूर केळीची फणी उचलून धरत. "ही बोटं नाहीत तर काय?"

"भाई, मग भेंडीला का नाही म्हणाले बनान?"

"भेंडीची फणी असते का रे?"

शीरखुर्मा पुन्हा गरम करावा लागे.

मी मोठा शब्दकोश आणवला. त्यात शब्द बहुधा आफ्रिकेचा, अरबीचा नुसता अंदाज, असे होते. गफूर यांनी वाचले आणि म्हणाले, "लिहिणाऱ्यानं कधी घड कापला नसेल."

५. गफूर यांचा जनाजा उचलण्याआधी रिवाजाप्रमाणे अंगणात सांगितले गेले की, मयताकडे कुणाचे काही राहिले असेल तर माफ करावे. शेहजाद पुढे होऊन म्हणाले, "भाईचंच बरोबर होतं. शब्द अरबी आहे." मी दाराआडून ऐकले. त्यांना ते पटलेले नाही. तेव्हापासून ते ईदला येतात, जेवतात आणि गप्प निघून जातात. शीरखुर्मा एकदाच गरम होतो. मला ही माफी मान्य नाही.

६. म्हणून कलम ३ ला अट घालते. पाटी पुसू नये. तिच्याखाली शेहजाद यांनी आपले म्हणणे तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लिहावे. ही अट कायद्यात टिकणार नाही, असे वकील म्हणतात. शेहजाद यांच्यापुढे टिकेल.

वरील मजकूर माझा आहे.

यावल, दि. ४ मे २०२५
सही: हमीदा गफूर बागवान

साक्षीदार:
१) जीवराम नथ्थू पाटील, यावल. वाचून सही केली.
२) शेहजाद बागवान, दोंडाईचा. वाचून सही केली. शब्द आफ्रिकेचाच आहे. भाभी, एवढ्यासाठी तुमच्या मरणाची वाट कशाला? रविवारी रंग घेऊन येतो.