घड्याळं काढून धावलो तेव्हा

बाबा, तुमच्या कारखान्यातल्या धावणाऱ्यांच्या क्लबाने मे महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी शर्यत ठेवली होती, त्या दिवसाबद्दल तुम्हाला लिहायचं कितीतरी वर्षं मनात आहे. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं असतील. मुलुंड कॉलनीच्या मागे डांबरी रस्ता संपून जंगलातली पायवाट सुरू होते, तिथे आपण वीस-बावीस जण जमलो. पहिला कोण येतो याला महत्त्वच नव्हतं. वर ओढ्यापर्यंत जाऊन परत यायला आपल्याला किती मिनिटं लागतील ते प्रत्येकाने आधी सांगायचं, मग सगळ्यांची घड्याळं सेक्रेटरींच्या पिशवीत. स्वतः सांगितलेल्या वेळेच्या सर्वांत जवळ जो येईल त्याला हापूसची पेटी. तुम्ही कारखान्याचे टाइमकीपर, दोन मिनिटं उशीर झाला तर जिवलग मित्राच्या कार्डावरही लाल शिक्का मारणारे. पेटी तुमचीच, असं सगळे धरून चालले होते. तुम्ही तर आंबे ठेवायला पलंगाखाली जागा करून ठेव, असं आईला सांगून आला होतात. "अठ्ठेचाळीस मिनिटं. माझी आणि मुलीची. आम्ही बरोबरच येणार," तुम्ही सेक्रेटरींना सांगितलंत.

तुमच्या कॅनव्हासच्या बुटांचा आवाज एका ठेक्यात येतो आहे आणि मी मागे धावते आहे. चढ लागतो, पुढचे लोक वळणाआड जातात, मागचे बरेच मागे राहतात, आणि मी बोलून टाकते, "बाबा, मी बँकेची परीक्षा दिली नाही. सेंटरपर्यंत गेले आणि परत फिरले."

तुम्ही वीसेक पावलं तसेच धावलात आणि मग थांबलात. चढावर थांबायचं नाही हे मलाच शिकवणारे तुम्ही, करवंदाच्या जाळीशेजारी दगडावर चक्क बसलात. "किती दिवस झाले?" "पंधरा." "आईला माहीत आहे?" "हो." "म्हणजे लेट मार्क माझा," असं म्हणून तुम्ही एकेक करवंद तोडून खायला लागलात. बरीच खाल्लीत. मग ऑफिसातली मराठी सोडून, गावच्या माणसांशी बोलता तशा मालवणीत विचारलंत, "मगे काय करूचा हा तुका?" शाळेत पीटी शिकवायची आहे, कोर्सचा फॉर्म भरलाय, मी म्हणाले. "शिट्टी मारूक येता?" मी दोन बोटं तोंडात घालून मारली. झाडावरचे पोपट उडाले आणि तुम्ही हसलात. पण लगेच गंभीर झालात. "परीक्षा दिली नाहीस त्याचं काही नाही गो. पंधरा दिवस मी कोणाकोणाला पेढे द्यायचे याचा विचार करत होतो, तो मला करू दिलास, ते वाईट केलंस." इतक्या वर्षांत तुम्ही मला एकदाच रागावून बोललात, ते हे. ओंजळभर करवंदं माझ्या हातावर ठेवलीत आणि उठलात.

खाली आलो तर दीड तास उलटून गेला होता, अंधारून आलं होतं आणि सेक्रेटरी टॉर्च घेऊन निघायच्या बेतात. "टाइमकीपर, वाट लागली ना आज तुमची?" "घड्याळ काढून घेतलंत, माणूस काय करणार?" पेटी कॅन्टीनच्या आचाऱ्यांना मिळाली. ते सव्वा तास म्हणाले होते, अख्खी वाट गप्पा मारत चालले आणि एका मिनिटाच्या फरकाने पोचले. त्यांनी पेटी तिथेच फोडली. सगळ्यांनी उभ्याउभ्या आंबे चोखले, तुमच्या कोपरापर्यंत रस ओघळला होता. घरी गेल्यावर आईने रिकामे हात पाहिले, तेव्हा तुम्हीच म्हणालात, "पोरगी मास्तरीण होतेय."

झाले मी. घाटकोपरच्या एका शाळेत तीस वर्षं खो-खो शिकवला, निवृत्तही झाले. हे पत्र टपालात पडणार नाही, म्हणून एक सांगून टाकते. मला धावायला कधीच आवडलं नाही, बाबा. घरी तुम्ही पेपरच्या मागे असायचात आणि डोंगरावर बोलायचात, म्हणून दर शनिवारी तुमच्याबरोबर धावायला यायचे.