पैसे घ्यायच्या आधी लिहिलेली नावं

३ जून
शाळा सुरू व्हायच्या दिवसांत दुकानात पाय ठेवायले जागा नसायची. आज दिवसभरात तीन गिऱ्हाईकं. एका मॅडमनं कादंबरी काढायले लावली. ह्यांनी लगेच नाव विचारून पहिल्या पानावर झोकात लिहूनही टाकलं. लग्नाआधीपासूनची सवय, पुस्तक आपल्या दुकानातून जाईल तर नाव घालूनच. तोवर मॅडमनं मोबाइल पाह्यला. "काका, ऑनलाइन स्वस्त पडून राह्यलं." गेली.
मी म्हटलं, "आधी पैसे घेत जा न हो!" तर म्हणे, "हे काय रेशनचं दुकान हाये?"
घ्या आता.

७ जून
दीर आले. गाळा दोघा भावांचा. त्यांच्या जावयाले मोबाइलचं दुकान टाकायचं हाये. "वहिनी, पंधरा तारखेपर्यंत नवा माल भरला त चालवा. नाही त चाबी द्या." गोड बोलले, चहा पिऊन गेले. अंगाची नुसती आग आग झाली.

९ जून
उद्या अकोल्याचा एजंट. न खपलेली पुस्तकं वापस घेतो, बदल्यात नवी देतो. दुसरा रस्ताच नाही.
मागचं कपाट उघडलं. वंदना. प्रल्हाद. कु. नेहा. उघडावं त्यात नाव! एकानंही नेलं नाही. लय बोलले ह्यांना.

१० जून
एजंट म्हणे, "भाऊ, नाव टाकलेलं पुस्तक मी कोणाले देऊ?" कोरी निघाली ती एका खोक्यात मावली. तेवढ्यावर नवा माल नाही.
तर हे म्हणतात, "पान फाडून देऊ काय?"
ह्यांनी! पुस्तकाचा कोपरा दुमडला तरी खेकसणारा माणूस. मी आत जाऊन रडले.

१४ जून
वरवट बकाल गावच्या एक बाई आल्या, सुनेले द्यायले पुस्तक पाह्यजे म्हणे. ह्यांनी आधी पैसे घेतले. मग पिशवीत घालून दिलं. पेनाले हातच लावला नाही.
बाई म्हणे, "काऊन दादा, नाव नाही टाकत?"
"बंद केलं ते."
इतकी वर्षं मी हेच सांगत होते. आज ऐकलं, तर जिवाले बरं नाही वाटलं.
उद्या दीर येतील. हे म्हणतात, चाबी देऊन टाकू. मी अजून हो म्हटलं नाही. नाही म्हणायले तरी काय हाये माझ्यापाशी?