विद्यावतीबाई जेवायला आल्या

१० डिसेंबर, बुधवार

आणलं: दूध दोन लिटर १३०. काजू पाव किलो २५०. खणाचा तुकडा ११०. नारळ, वेणी, केळी मिळून १२५. एकूण ६१५. एका पाहुणीसाठी जास्तच! पण हे म्हणाले, "हात आखडू नकोस. इंडोनेशियातनं येतीय बाई. तिकडच्या हॉटेलांना टॉवेल पुरवती. ऑर्डर मिळाली तर वर्षभर आपले टॉवेलाचे माग चालतील. नाहीतर संक्रांतीनंतर अर्धे बंद."

आमचा मुलगा दिग्विजय म्हणतो, ते लोक आधी माणसं बघतात, घरी जेवतात, मग व्यवहाराचं बोलतात. बरी रीत वाटली.

नाव विद्यावती. नवरा आहे, दोन मुली आहेत. उद्या मार्गशीर्षातला गुरुवार — घटापुढं सवाष्ण हवीच होती. लक्ष्मीनंच धाडली म्हणायची!

११ डिसेंबर, गुरुवार

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते.

कुंकवाची कोयरी घेऊन मी दारात. राजेसाब त्यांना स्टेशनवरून घेऊन आले. (आपले जॉबर. माग अडला की सगळे त्यांनाच हाक मारतात, लग्न होऊन आले तेव्हापासून बघते.) बाई उतरल्या — डोक्याला घट्ट रुमाल, केस एक दिसत नाही. मुसलमान! ऋतुजा कानात म्हणाली, "आई, तिकडं त्यांच्यातपण अशी नावं असतात." सूनबाई आता सांगतात!

त्या हात जोडून वाकल्या, हसल्या. मी कोयरी पदराआड केली.

स्वयंपाकघरात येऊन त्यांचं ताट उचललं. सत्यनारायणाच्या उरलेल्या कागदी प्लेटा काढल्या. ऋतुजा — "आई, हे काय? बाबा, दिग्विजय स्टीलमध्ये आणि पाहुण्या एकट्या कागदावर?" म्हटलं, "घट मांडलाय. गप वाढ." घटाचं निमित्त! देवीला सगळं दिसत होतं.

त्या उजव्या हातानं जेवल्या, शीतही सांडलं नाही. पुरणपोळी मागून घेतली. निघताना माझे दोन्ही हात हातात घेतले. ओटीचा खण कपाटातच राहिला.

राजेसाब व्हरांड्यात. त्यांचा चहा त्यांच्या कपात. तेही मुसलमान; तो कप खिडकीतच असतो, आमच्या कपांत मिसळत नाही. आज पहिल्यांदा तो धरताना हात जड झाला.

१२ डिसेंबर, शुक्रवार

हे खुशीत. "भाव सांगितला — मान हलवली! तारीख सांगितली — हसली! झालंच की काम!" काल जेवणानंतर कारखान्यात एका टॉवेलाची कड उसवलेली निघाली. ह्यांनी तिथंच, बाईंच्या देखत, राजेसाबना धरलं — "म्हाताऱ्या, डोळे गहाण टाकलेस काय!" सगळे कामगार बघत होते. हे म्हणाले, "परदेशी माणसाला कळू दे, आपल्याकडं हयगय चालत नाही. माझा आवाज ऐकून बाई गप्पच झाली."

मी पोथी वाचली. अर्थ डोक्यात शिरला नाही.

१५ डिसेंबर

काही नाही.

१८ डिसेंबर, गुरुवार

मेल आला. पाहुणचाराचे आभार, घर सुंदर, जेवण छान. ऑर्डरचा 'अजून विचार चालू आहे.'

हे — "म्हणजे चालू आहे!" दिग्विजय — "बाबा, ते तोंडावर नाही म्हणत नाहीत. हेच त्यांचं 'नाही'."

हे म्हणाले, "त्या उसवलेल्या कडेनं घात केला."

मला माहीत होतं कशानं केला. व्रताच्या शेवटच्या गुरुवारी तोंड मिटून बसले.

१९ डिसेंबर, शुक्रवार

ह्यांनी राजेसाबना कामावरून काढलं.

दुपारी ते किल्ली द्यायला आले. आत बोलावलं, आले नाहीत. "न्हाय वहिनी, हितंच बरं. मालकांचं काय चुकलं न्हाय. नजर गेली की माझी आता. केमला लेकीच्या गावी जातो." चहा दिला. त्याच कपात! हात सवयीनं खिडकीकडं गेला. त्यांनी तो पिऊन नळाखाली स्वतः विसळला, पालथा घातला आणि गेले.

माझ्यापायी त्या माणसाची भाकरी गेली. आणि मी "जपून जा" म्हणाले.

२१ डिसेंबर, रविवार

ह्यांना सांगितलं. प्लेटांचं, कोयरीचं, सगळं. आधी उसळले — "प्लेटीवरनं कोण ऑर्डर मोडतं गं?" मग म्हणाले, "तू केलंस ना? तूच लिही तिला."

लिहिलं. दिग्विजयनं इंग्रजीत केलं. घटाचं निमित्त सांगितलं नाही. ऑर्डर मागितली नाही. त्या कडेचा दोष देऊन राजेसाबना कामावरून काढलं तेही लिहिलं.

२९ डिसेंबर, सोमवार

उत्तर आलं. दिग्विजय वाचत होता, मी उभ्यानं ऐकलं.

"मला कोरं कागदी ताट दिलंत ते माझ्या धर्माला निषिद्ध काही शिवू नये म्हणून, असं वाटलं होतं. घरी सगळ्यांना कौतुकानं सांगितलं. आता खरं कळलं, फार वाईट वाटलं. पण नकार त्यासाठी नव्हता. त्या वयाच्या माणसाला चारचौघांत तसं बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मला मान वर करवेना. अशांशी नातं कसं जोडायचं? आणि आता त्यांना घालवूनही दिलंत?"

ह्यांनी स्वतः राजेसाबना फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद.

पोस्टकार्ड आणलं. केमच्या पत्त्यावर मी लिहिलं, खाली दोघांनी सही केली —

"राजेसाबभाई यांस नमस्कार. कामावर या म्हणायला तोंड नाही. आम्ही दोघं तुमच्या दारी यावं म्हणतो. आत घ्याल का, एवढंच उलट टपाली कळवा."