जिना नसलेलं घर

३ मार्च, मंगळवार

आजही खोटं बोलले. मागच्या बाईंनी विचारलं, आठवडा कसा गेला. खरं म्हणजे छान गेला! चष्म्याच्या दुकानात एका आजोबांना नवा चष्मा चढवला, तर आरशात बघून म्हणाले, "हा म्हातारा कोण?" सगळं दुकान हसलं, मी सगळ्यात जास्त. घरी येऊन पडदे धुतले, रेडिओबरोबर गुणगुणले. आणि बाईंना काय सांगितलं? अन्न जात नाही! काल दोनदा वाढून घेतलं होतं.

मागच्या बाई म्हणजे माझ्या मनाच्या डॉक्टर. मी कोचावर आडवी, त्या माझ्या डोक्यामागे खुर्चीत. चेहरा दिसत नाही, नुसता हुंकार येतो. हे गेल्यावर लेकीने हात धुऊन मागे लागून मला तिथे पाठवलं, तेव्हा वाटलं होतं, छताशीच बोलायचं तर घरचं काय वाईट आहे? आता मंगळवार-शुक्रवारची वाट बघते. बरी झाले असं कळलं की त्या म्हणतील, या आता. आणखी कुणी जायला नको मला. हे गेले तेवढं पुरे.

६ मार्च, शुक्रवार

बाईंना स्वप्नांत फार रस. मला हल्ली पडतच नाहीत, मेल्यासारखी झोपते. मंगळवारी रिकाम्या हाताने कसं जायचं?

८ मार्च, रविवार

भाजी निवडता निवडता एक स्वप्न रचलं. मोठं घर, निळ्या खिडक्या, दाराला पितळी कडी. वरच्या मजल्यावर दिवा, तिथे कुणीतरी खोकतंय. मी खाली उभी. खोकला फार छान जमलाय!

दुपारी लेकीचा फोन. म्हणाली, तिसऱ्या मजल्यावरचे मास्तर परवा पुन्हा भेटले, आई कशी आहे विचारत होते. मी विषय बदलला. हे जिन्यात कोसळले तेव्हा मास्तरच त्यांच्याजवळ होते. नंतर दोनदा आमच्या दाराशी येऊन गेले. मी लेकीला म्हटलं, झोपलेय म्हणून सांग. तेव्हापासून ना मास्तरांचं तोंड पाहिलं, ना जिन्याचं. मी आपली लिफ्टने थेट पाचव्या मजल्यावर. हे मात्र रोज जिनाच चढायचे, फुकटात व्यायाम म्हणून. त्यातच गेले. मला एक शब्द न बोलता. त्याचा राग येतो मला, अजून येतो. चांगला भाजी चिरताना येतो.

१० मार्च, मंगळवार

फजिती!

स्वप्न अगदी रंगवून सांगितलं. मध्येच आवाज कापरा केला. बाई एवढंच म्हणाल्या, "या घरात वर कसं जायचं?"

खिडक्यांचा रंग ठरवला, कडी पितळी की लोखंडी तेही ठरवलं, आणि जिना घालायचा राहिला! स्वप्नाला तरी दोष कसा देऊ? जागेपणी, शुद्धीत, भाजी निवडताना बांधलेलं घर ते. रडू फुटलं. ह्यांना नेलं त्या दिवशीही इतकी रडले नव्हते. बाहेर पडले तेव्हा नाक लाल झालं होतं आणि पोटात कडकडून भूक लागली होती.

१३ मार्च, शुक्रवार

कबूल केलं. म्हटलं, ते स्वप्न खोटं होतं, मी घरी रचलं. वाटलं, आता बोलणी खाणार. बाई शांतपणे म्हणाल्या, "आणि झोपेतली कोण रचतं?"

मग दोनदा वाढून घेतल्याचंही सांगून टाकलं. चोर पकडला गेला की सगळंच ओकतो. का लपवलं, तेही सांगितलं. बरी झाले तर तुम्हीही जाल म्हणून.

बाई म्हणाल्या, "तुमचे यजमान निरोप न घेता गेले. आपण निरोप घेऊन थांबू. कधी, ते तुम्ही ठरवा."

असं मला कुणी विचारलंच नव्हतं. कोण कधी जाणार हे माणसाला ठरवता येतं होय? म्हटलं, उन्हाळा संपू दे. पावसात मला लांब जायचा कंटाळा येतो. त्यावर बाई हसल्या! पहिल्यांदाच ऐकलं त्यांचं हसू. हुंकारापेक्षा बरंच तरुण आहे.

१७ मार्च, मंगळवार

आज खरं सांगितलं. अन्न जातं, झोप लागते, बरी आहे. छत जागच्या जागी राहिलं.

२० मार्च, शुक्रवार

लिफ्ट चालू होती. जिन्याने आले.

तिसऱ्या मजल्यावर आले आणि तिथेच पायरीवर टेकले. मास्तरांचं दार उघडलं. मला पाहून ते आधी घाबरलेच, मग हळूच शेजारी येऊन बसले. म्हणाले, "वहिनी, तुमची एक गोष्ट माझ्याकडे राहिलीय. तुमच्याच कानावर घालायची होती, म्हणून लेकीलाही बोललो नाही. ते म्हणाले होते, तिला सांगा, मला जरा उशीर होईल. तू जेवून घे."

वर आले. जेवून घेतलं.