चाळीस रुग्णांची पकड

१ जानेवारी १९५६, रविवार. चाकण.
नव्या वर्षाचा संकल्प : संधिवातावर संशोधन. मे महिन्यात पुण्याला डॉक्टरांची परिषद आहे. तिथे प्रबंध वाचणार. विषय, 'चाकण भागातील जुनाट संधिवात व त्याचे रुग्णांच्या जीवनावरील परिणाम'. नाव लांब झालंय, पण विद्वत्तेला लांब नाव शोभतं. या दवाखान्यात चार वर्षं खरूज आणि खोकला बघून डोकं गंजलं. पुण्याला बदली हवी तर काहीतरी करून दाखवायला हवं.
इतर संकल्प : पहाटे पाचला उठणे. रोज प्रबंधाचं एक पान. न चिडणे.

२ जानेवारी. सकाळी ७.४०
उठायला उशीर. दोष माझा नाही, चहाच नव्हता. सौ. चुलीपुढे गरम पाण्याच्या पातेल्यात दोन्ही हात बुडवून बसली होती. म्हणाली, थोडं थांबा, हात अजून उठले नाहीत. आता हात उठायचे राहिलेत! बायकांना थंडीचं निमित्त पुरतं. चिडलो नाही. फक्त बोललो.

७ जानेवारी, शनिवार
बाजाराचा दिवस, म्हणून आजच मुहूर्त. सांधे धरलेले चाळीस रुग्ण निवडले. बहुतेक बायका. प्रत्येकीला नंबराचं कार्ड. दर शनिवारी यायचं, माझ्या तांबड्या मिक्श्चरची बाटली न्यायची आणि पकड मोजून घ्यायची. पकड मोजायची रीत अशी : ब्लडप्रेशरच्या यंत्राची रबरी पिशवी गुंडाळून थोडी फुगवायची, रुग्णाने ती मुठीत दाबायची, पारा किती चढला ते लिहायचं. पुण्याच्या मासिकात वाचलं होतं.
नंबर ७, ठकुबाई, म्हाळुंग्याची. साठीच्या पुढची, बोटं वाकडी. पकड ४४. जीवनावर काय परिणाम झाला विचारलं. म्हणाली, दळण सुटलं, सून दळते. नातवाला उचलाया येत न्हाई, निस्तं बघती त्याच्याकडं. उत्तम मुद्दा, लिहून घेतला. आता प्रकृती कशी म्हटलं तर म्हणाली, बरं हाय.

१४ जानेवारी, शनिवार. संक्रांत.
तिळाचे लाडू नाहीत, वड्या. लाडू वळायला काय झालं विचारलं तर सौ. म्हणाली, वड्या बऱ्या लागतात. दुपारी कासारीण आली होती. नव्या बांगड्या सौ.च्या हातात चढेनात. कासारणीने साबण लावला, तेल लावलं, मग टोपली उचलून गेली. मी म्हटलं, अंग सुटलंय. सौ. हातावरचं तेल पुसत आत गेली. ती हल्ली फारसं बोलत नाही. मला अभ्यासाला बरंच आहे.
प्रबंधाची पानं : शून्य. विषय डोक्यात मुरतो आहे.

४ फेब्रुवारी, शनिवार
पारा चढतो आहे! ठकुबाई ४४ वरून ११०. इतरांचंही तसंच. सगळ्यांचं उत्तर एकच : बरं हाय, तुमच्या किरपेनं. 'किरपेनं' प्रबंधात घेता येणार नाही, पण मनात ठेवलं.
कंपाउंडर दत्तोबा म्हणाला, डॉक्टरसाहेब, जरा तोंडाकडे बघून मोजत जा. त्याला समजावलं की शास्त्रज्ञाने डोळा पाऱ्यावर ठेवावा. चेहरा दिशाभूल करतो. शिवाय बायका पदर कपाळाखाली ओढून बसतात, दिसतं काय? यानंतर दत्तोबा अर्धा तास स्वतःचा चष्मा शोधत होता. तो त्याच्याच कपाळावर होता. काखेत कळसा नि गावाला वळसा. असल्या माणसाने मला शिकवावं!

५ फेब्रुवारी, रविवार
तुलनेसाठी निरोगी स्त्रीची पकड हवी. घरचीच सोय. सौ.ला खुर्चीवर बसवलं, पिशवी दिली, दाब म्हटलं. पारा ४० वर थांबला. नीट दाब म्हटलं. तिने दोन्ही डोळे मिटून दाबलं. ४२.
यंत्र बिघडलं. पिशवी कुठेतरी झिरपते आहे. तक्त्यात 'निरोगी स्त्री, वय सुमारे ३२, पकड ४२' असं लिहून झालं होतं, ते खोडलं. पान खराब झालं, याचंच वाईट वाटलं. पिशवी उद्या पुण्याला दुरुस्तीला पाठवतो.
सौ.ने विचारलं, माझं झालं का? म्हटलं, झालं.

१५ फेब्रुवारी
पिशवी परत आली. सोबत दुकानदाराची चिठ्ठी : दोष आढळला नाही. पुण्याचे दुकानदार! बघितलीच नसणार. मी मात्र शनिवारी एक जुनी पिशवी जोडून काम चालू ठेवलं होतं. आकडे तेच येतात. काय ते असो.

३ मार्च, शनिवार
ठकुबाई १८०. भाषणाची तालीम आरशापुढे केली. कोटाला मधलं बटण नाही. जानेवारीपासून सांगतोय. सौ. म्हणते, सुई धरवत नाही, कुसुमताईंकडून लावून आणते. शेजारणीकडून बटण! लोक काय म्हणतील? कप फुटला, हा तिसरा. भाकऱ्याही आता कुसुमताईंच्याच घरून थापून येतात. मी विचारत नाही. संशोधकाला घरात लक्ष घालून चालत नाही.

१७ मार्च, शनिवार
ठकुबाई २४०! साठीची बाई पैलवानासारखी दाबते. मिक्श्चर जगात जायला हवं. दत्तोबा म्हणतो, थंडी गेली की सांधे सुटतातच. त्याच्या बोलण्याची नोंद घेतलेली नाही.
माझे जुने गुरू डॉ. सबनीस यांना पुण्याला पत्र टाकलं. येऊन रुग्ण बघा, असं आमंत्रण दिलं.

१० एप्रिल
सबनीस येताहेत, २१ तारखेला. जेवायलाही आपल्याकडेच. सौ.ला सांगितलं, पुरण घाल. ती म्हणाली, पुरण वाटायला कुसुमताईंना बोलावू का? म्हटलं, बोलाव. उत्साह म्हणून नाहीच.
प्रबंधाची पानं : दीड. त्यात अर्ध्या पानावर माझं नाव आणि पदवी.

२१ एप्रिल, शनिवार. संध्याकाळी ६
नीट लिहितो.
सबनीस दहाच्या एस्टीने आले. आधी नंबर ७ बोलावला. बाई आली, कडेवर पोर. पिशवी दाबली, २५०. मी सबनीसांकडे बघितलं. सबनीस बाईकडे बघत होते. त्यांनी पदर जरा मागे घ्यायला सांगितलं. बाई वीस-बावीस वर्षांची.
सबनीसांनी विचारलं, तू ठकुबाई? न्हाई, म्हणाली, त्या सासूबाई. त्यास्नी दोन कोस चालवत न्हाई. बाजाराला यील ते कार्ड घिऊन येतं. मागं नणंद यायची, आता मी येते.
मी विचारलं, मग पिशवी का दाबलीस? म्हणाली, तुमी दाबा म्हनला, दाबलं.
सबनीसांनी विचारलं, आणि सासूबाईंना बरं आहे, असं का सांगत होतीस? ती जरा गोंधळली. म्हणाली, डाक्टरांच्या तोंडावर वंगाळ कसं बोलावं? येवढं औषध देत्यात. आन् सासूबाई बी तसंच सांग म्हनत्यात. त्यास्नी आता हातानं घासबी घेता येत न्हाई, मीच भरवते.
दुपारपर्यंत मोजलं. चाळीस कार्डांपैकी एकतीस कार्डांवर दुसऱ्याच कुणाची तरी पकड. दत्तोबा माझ्याकडे बघत नव्हता, एवढं सौजन्य त्याने दाखवलं.
जेवायला घरी आलो. सौ.ने तुपाची वाटी दोन्ही तळव्यांत धरून आणली आणि मनगटाने ताटाशी सरकवली. सबनीस जेवायचे थांबले. मग जेवले. नंतर तक्ता मागून घेतला आणि खोडलेल्या ओळीवर बोट ठेवलं. ही कोण?
म्हटलं, माझी बायको. निरोगी म्हणून घेतली होती. यंत्र बिघडलं होतं.
त्यांनी तक्ता माझ्यापुढे ठेवला. मग म्हणाले, तुमच्या तक्त्यात हा एकच आकडा खात्रीचा आहे, तेवढाच तुम्ही खोडलात.
चारच्या एस्टीने गेले. मी स्टँडवर उभा होतो. मला काही वाटत नव्हतं. उन्हाचंसुद्धा काही वाटत नव्हतं.

२२ एप्रिल, रविवार
सकाळी चहा मी केला. साखर घालायची राहिली. तिने पेला दोन्ही हातांत धरून प्यायला, बरा झालाय म्हणाली.
एक नवं कार्ड काढलं. नंबर ४१. नाव, शकुंतला. कार्डावर लिहिताना लक्षात आलं की या वहीत ते एकदाही आलेलं नाही. वय विचारावं लागलं. चौतीस. दुखणं कधीपासून, तेही विचारावं लागलं. म्हणाली, इथे आलो त्या वर्षापासून. मग मला सांगितलं का नाहीस? म्हणाली, तुम्ही डॉक्टर आहात, मला वाटलं तुम्हाला दिसत असेल.
'जीवनावरील परिणाम' या रकान्यासाठी मात्र तिला विचारावं लागलं नाही. ही वही उघडली. गरम पाणी, लाडू, बांगड्या, सुई, कप, भाकऱ्या. सगळं माझ्याच अक्षरात, तारखेसह. चार महिन्यांत मी केलेलं संशोधन एवढंच. लाज वाटली. आज वाटली.
शेवटचा रकाना, प्रकृती. पेन हातात घेऊन विचारलं, आता कसं आहे?
म्हणाली, बरं आहे.
लिहिलं नाही. परत विचारलं.